पैलवानाची रोजकीर्द

३ नोव्हेंबर २०२४, रविवार, भाऊबीज

ओवाळणीत दादानं मासा दिला. साडी नको, पाकीट नको म्हणून दोन वर्षं कुरकुर केली, त्याचं हे फळ. काचेचं गोल भांडं, तळाला निळे खडे, प्लास्टिकचं एक झाड आणि त्यात निळ्या अंगाचा, लाल परांचा फाइटर. भाचीनं गाडीवर मागे बसल्या बसल्याच बारसं उरकलं होतं: पैलवान. कोल्हापुरात दुसरं काय सुचणार!

दुकानदाराच्या सूचना दोन. दिवसाला चार दाणे, आणि "रोज पाच मिनिटं आरसा दाखवा, व्यायाम होतोय त्याचा." भाचीनं लगेच माझ्या पर्समधला आरसा काचेला लावला. मासा बघता बघता दुप्पट झाला. पर ताणले, कल्ल्यांवरची झाकणं फाकली, खालून दाढीसारखा काळा पडदा बाहेर आला आणि तो आरशावर धावून गेला.

"आत्या, त्याला कळत नाही व्हय, तो स्वतःच आहे ते?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. ती नववीत आहे आणि शाळेचं विज्ञान प्रदर्शन जानेवारीत आहे. प्रकल्पाचा विषय दिवाळीच्या फराळाबरोबरच ठरला. पतसंस्थेत बावीस वर्षं रोजकीर्द लिहितेय, म्हणून नोंदी माझ्याकडे आल्या. नियम तोच: त्या दिवसाचं त्याच दिवशी लिहायचं, खाडाखोड करायची नाही, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही.

५ नोव्हेंबर

गोल भांडं रद्द. वाकड्या काचेतून मासा कधी बोटाएवढा तर कधी पंजाएवढा दिसतो, मोजणार काय? शिवाय पाणी जेमतेम दोन तांबे. दीड फुटी चौकोनी टाकी आणली, साधारण ३० लिटरची. स्पंजचा फिल्टर अगदी मंद ठेवलाय, कारण एवढे लांब पर घेऊन त्याला धारेत पोहता येत नाही. अँटीक्लोरीनचे थेंब टाकले. कोपऱ्यावरच्या देशी बदामाचं वाळलेलं एक पान धुऊन सोडलं, पाणी कोऱ्या चहासारखं झालं. वर झाकण हवंच, हा उडी मारतो.

दुकानात हे मासे बाटल्यांत ठेवतात, त्याचं कारण भाचीला शोधायला लावलं. कल्ल्यांखेरीज डोक्यात हवा घेण्याचा वेगळा अवयव असतो. पृष्ठभागावर येऊन घोट घेतला की भागतं. मूळ थायलंडच्या उथळ, साचलेल्या पाण्यातला, भातशेतीतला मासा. (थायलंडनं २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर जाहीर केलं.) थोडक्यात, बाटलीत तो मरत नाही. त्यावरून त्याला बाटली आवडते असा अर्थ दुकानदारांनी काढलाय.

९ नोव्हेंबर, शनिवार

आरसा, पहिली बैठक. भाची म्हणाली, "मी मोजतो, तू वेळ बघ." दाढी बाहेर आली की एक धरायचं.

५ मिनिटांत २३ वेळा.

१० ते १३ नोव्हेंबर

वेळ तीच, संध्याकाळी साडेसात. १९, ११, १२, ६.

भाचीचं म्हणणं, चार दिवसांत त्याला कळलं की तो स्वतःच आहे. माझं म्हणणं, कंटाळला. सहा वेळा दाढी काढणारा मासा शहाणा झालाय की दमलाय, हे त्या आकड्यात लिहिलेलं नाही. दोघींचं म्हणणं नोंदवून ठेवतेय.

१४ नोव्हेंबर

आज वाचनाची नोंद, लांबणार आहे.

आरशाची परीक्षा गॉर्डन गॅलप यांनी १९७० मध्ये चिंपांझींवर केली. आधी दहा दिवस आरशाची सवय, मग भूल देऊन भुवईवर आणि कानावर वास नसलेला लाल रंग. जाग आल्यावर आरशात बघून त्यांनी स्वतःच्या अंगावरचा डाग चाचपला. आरशातल्या माकडाला नाही, स्वतःला. पुढं डॉल्फिन, आशियाई हत्ती आणि मॅगपाय हा पक्षी यांनीही ती पार केल्याचे निष्कर्ष २००१, २००६ आणि २००८ मध्ये आले. कुत्री-मांजरं यात नाहीत. मासे तर कुणाच्या यादीतच नव्हते.

२०१९ मध्ये जपानमध्ये ओसाकाच्या मासानोरी कोहदा यांच्या गटानं क्लीनर रास घेतला. बोटभर लांबीचा, निळा, अंगावर काळा पट्टा. समुद्री टाक्या ठेवणाऱ्यांना ठाऊक असतो. प्रवाळांवर याचं दुकान असतं: मोठे मासे येऊन थांबतात, हा त्यांच्या अंगावरचे, तोंडातले परजीवी खातो. म्हणजे बारीक डाग बघून टिपणं हाच याचा पोटापाण्याचा धंदा. आरसा लावल्यावर सुरुवातीला तो भांडला, आपल्या पैलवानासारखाच. मग भांडण थांबलं आणि आरशासमोर विचित्र चाळे सुरू झाले, उलटं पोहणं वगैरे. जणू "मी हे केलं की तो काय करतो" हे बघत होता. तेही ओसरल्यावर गळ्याखाली, आरशाशिवाय दिसणार नाही अशा जागी, त्वचेखाली तपकिरी ठिपका दिला. चारपैकी तिघांनी आरशात बघून मग जाऊन तळाशी गळा घासला. बिनरंगी ठिपका दिला तेव्हा घासला नाही. रंगीत ठिपका आहे पण आरसा नाही, तेव्हाही नाही.

वाद होणारच होता. गॅलप यांना स्वतःला हे पटलं नाही. चार मासे म्हणजे किती, हाही आक्षेप होता. २०२२ मध्ये त्याच गटानं आणखी मासे घेतले, सगळे मिळून १८ पैकी १७ नी गळा घासला. आणि एक मजेची गोष्ट: निळा किंवा हिरवा ठिपका दिला तर कुणी ढुंकून बघितलं नाही. तपकिरीच हवा, कारण परजीवी तपकिरी दिसतात. निळ्या डागाचं त्याला काय पडलंय!

मला सगळ्यात जास्त हे पटलं. पहिल्या खेपेला निळा वापरला असता तर "मासा नापास" लिहून वही मिटली असती. ताळा जुळत नाही तेव्हा दर वेळी पैसेच कमी असतात असं नाही, कधी आपण भलत्या खात्यावर बघत असतो.

२०२३ मध्ये फोटो. आरसा बघून झालेल्या माशांना स्वतःचा आणि अनोळखी माशाचा फोटो दाखवला. अनोळखी फोटोवर हल्ला, स्वतःच्या फोटोवर नाही. मग अंग एकाचं आणि तोंड दुसऱ्याचं असे जोडफोटो केले. तोंड आपलं असेल तर हल्ला नाही, तोंड परक्याचं असेल तर अंग आपलं असूनही हल्ला. म्हणजे ओळख तोंडावरून. भाची म्हणाली, "आधारकार्डासारखं." आधारकार्डावरचा माझा फोटो मला दाखवला तर मीच हल्ला करीन, पण ते असो.

१७ नोव्हेंबर, रविवार

भाचीनं विचारलं, आपण ठिपका कधी द्यायचा? द्यायचा नाही. तिथं भूल होती, त्वचेखाली देण्याचा खास रंग होता, शिकलेला हात होता. इथं मी आहे आणि शिवणकामाची सुई आहे. थोडा वेळ रुसली.

दुसरा निर्णय: आरसाही बंद. व्यायाम म्हणून रोज आरसा दाखवणं म्हणजे रोज सकाळी दारात एक गुंड आणून उभा करणं. पर फाटायची भीती वेगळीच. कालपासून तो पृष्ठभागावर फेसाचं घरटं बांधतोय, बुडबुड्याला बुडबुडा चिकटवून. मादी नाही, अंडी नाहीत, तरी बांधतोय. त्याला त्याचं काम करू दे.

आपला प्रश्न बदलला: आरसा सोडून, याला काय काय कळतं?

२० नोव्हेंबर, मतदानाची सुट्टी

मी टाकीजवळ गेले की पैलवान पुढच्या काचेशी येऊन वळवळतो. दादा गेला तर येत नाही. घरात सगळ्यांचं एकमत: मासा आत्याला ओळखतो. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण परीक्षा घ्यायलाच हवी. माणसांचे चेहरे ओळखणारे मासे आहेत. पाण्याची पिचकारी मारून किडे पाडणारा आर्चरफिश पडद्यावर दाखवलेल्या चेहऱ्यांतून शिकवलेला चेहरा निवडून त्यावर पिचकारी मारतो, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालंय. मग फाइटरला का जमू नये?

आज दहा खेपा. मी पाच वेळा गेले, दादा पाच वेळा. मी: ५ पैकी ५. दादा: ५ पैकी १. भाचीनं वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, "ओळखतो". मी खाली पेन्सिलीनं "कच्ची नोंद" लिहिलं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

निकालाचा दिवस. दुपारपासून गल्लीत गुलाल आणि डॉल्बी. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. पैलवान बदामाच्या पानाखाली जाऊन बसला, रंग उतरला, अंगावर आडवे फिके पट्टे उमटले. रात्री नऊपर्यंत दाण्यालाही आला नाही.

मोजणी रद्द. पण एक गोष्ट डोक्यात राहिली. मासे आवाज ऐकतात हे माहीत होतं. शिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंनी एक रेघ असते, पाण्याची हालचाल टिपणारी. आपल्याला कानानं कळतं ते याला सगळ्या अंगानं कळतं.

२४ नोव्हेंबर

सापडलं, आणि जरा वाईट वाटलं.

मी दाणे टाकताना लोखंडी स्टूल ओढून त्यावर बसते, गुडघ्यामुळं. दादा उभ्यानंच टाकतो. स्टूल फरशीवर करकरतं, टाकीचा स्टँड त्याच फरशीवर. आज स्टूलाखाली गोणपाट घातलं. मी गेले, बसले, तोंड काचेशी नेलं. ५ पैकी १. मग दादाला सांगितलं, स्टूल ओढ आणि मागं सरक. ५ पैकी ५. शेवटी स्टूल भाचीनं सोफ्यामागून दोरीनं ओढलं, टाकीसमोर कुणीच नाही. पैलवान काचेशी हजर.

मासा स्टुलाला ओळखतो.

बर्लिनला हान्स नावाचा घोडा होता, टापा आपटून गणितं सोडवायचा. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवलं की गणित घोड्याला येत नव्हतं, उत्तराचा आकडा जवळ आला की विचारणाऱ्याच्या अंगात जो ताण यायचा-जायचा तो घोड्याला दिसायचा. भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "मग घोडा हुशारच की. माणसाला कळत नव्हतं ते त्याला कळत होतं." याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

वहीतल्या "ओळखतो" वर रेघ, दोघींच्या सह्या.

१ डिसेंबर, रविवार

नवी परीक्षा. बाटलीची दोन टोपणं, एक लाल, एक पांढरं. आइस्क्रीमच्या काड्यांना चिकटवून पाण्यात सोडायची. लाल टोपणाकडं गेला तर ड्रॉपरनं दाण्याचा तुकडा, पांढऱ्याकडं गेला तर काही नाही. एका दाण्याचे चार तुकडे, दिवसाला आठ खेपा, म्हणजे पोटही बिघडत नाही. लाल डावीकडं की उजवीकडं, ते नाणं उडवून.

८ डिसेंबर

सहा दिवस, ४८ खेपा, २६ बरोबर. नाणं उडवूनही एवढंच आलं असतं. पण उभी बेरीज न करता आडवी केली तेव्हा दिसलं: ४८ पैकी ३४ वेळा तो डावीकडंच गेला. डावीकडं काय? फिल्टर. त्याची रोजची बसायची जागा. त्याला रंग कळत नव्हता असं नाही, तो घरी जात होता. फिल्टर मधोमध हलवला.

दुसरी चूक माझी. मी उजव्या हाताची काडी नकळत आधी बुडवते. आता दोन्ही काड्या एकाच फूटपट्टीला बांधल्या, एकदमच बुडतात, आणि मध्ये पुठ्ठा, म्हणजे त्याला आमचे हात आणि तोंडं दिसत नाहीत. स्टुलाखाली गोणपाट कायम.

१५ डिसेंबर

४८ पैकी ३८.

वासाची शंका भाचीनंच काढली, लाल टोपणाला दाण्याचा वास लागला असेल तर? (शाबास.) दोन्ही टोपणं दाणे भिजवलेल्या पाण्यात बुडवून मग आठ खेपा: ७ बरोबर. नवीन कोरं लाल टोपण आणून आठ खेपा: ७. आता ही पक्की नोंद. रंग कळतो, आणि रंगाचा दाण्याशी संबंध कळतो.

जर्मनीत बॉन विद्यापीठात व्हेरा श्लुसेल यांच्या गटानं रंगांवर याहून कितीतरी पुढचा खेळ केला, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. आकृत्या निळ्या असतील तर एक मिळवायचा, पिवळ्या असतील तर एक वजा करायचा, आणि उत्तराएवढ्या आकृत्या असलेल्या दारातून जायचं. शिकणारे होते सिक्लिड जातीचे मासे आणि गोड्या पाण्यातले स्टिंगरे, म्हणजे चपटे, शेपटीत काटा असलेले मासे. त्यातला झेब्रा सिक्लिड आपल्या दुकानांतही मिळतो. सगळे शिकले असं नाही, पण जे शिकले त्यांना न शिकवलेली उदाहरणंही जमली. भाचीच्या वर्गातल्या काहींना तिथं पाठवावं, असं तिचं मत पडलं.

१९ डिसेंबर

तीन दिवस पैलवान ढिम्म. ८ पैकी २, ८ पैकी ० (एकदाही हलला नाही), काल तर खाल्लंच नाही. भाची घाबरली. थर्मामीटर घातला: २० अंश. थंडी पडलीय आणि मी स्वेटर घालून माशाची बुद्धी मोजत बसलेय. याला २५ ते २८ लागतं. मासा आपलं अंग गरम ठेवू शकत नाही, पाणी गार झालं की सगळंच मंदावतं, पचन, हालचाल, शिकणं. ५० वॅटचा हीटर आणला. तीन दिवसांचे आकडे बाद. टोपणांचा खेळ त्याला नीट बरं वाटेपर्यंत बंद.

या आधीच्या आठवड्यातही पाणी किती अंश होतं ते लिहिलेलं नाही. ही माझी चूक. आजपासून प्रत्येक ओळीत तापमान.

२९ डिसेंबर

मध्ये भाचीनं गप्पी मासे आणले, अपार्टमेंटच्या हौदातले, डासांसाठी सोडलेले. एका काचेच्या डब्यात एकटा गप्पी, दोन्हीकडं दोन बरण्या, एकीत कमी मासे, एकीत जास्त. एकटा मासा मोठ्या घोळक्याकडं जातो, तो जास्त सुरक्षित. १ विरुद्ध ३ जमलं. ३ विरुद्ध ४ मध्ये आमच्याच्यानं काही ठरलं नाही. डासांसाठीच सोडतात त्या गंबुशिया माशांवर इटलीत पादोव्हाला ख्रिस्तियान आग्रिलो आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हेच केलं होतं, त्यांच्या माद्यांना ३ आणि ४ मधला फरक कळला, ४ आणि ५ मधला नाही. आमच्या गप्पींना परत हौदात सोडलं. एक कमी भरला. मांजरावर संशय आहे.

४ जानेवारी २०२५, शनिवार, २६ अंश

टोपणं १८ दिवसांनी पाण्यात. आधी एकही सराव नाही. ८ पैकी ७.

माशाची आठवण तीन सेकंदांची असते हे दादा प्रत्येक पाहुण्याला सांगतो. आज त्याला वही दाखवली. तो म्हणाला, "बघ की, माझ्यापेक्षा बरा." ऑस्ट्रेलियातल्या कलम ब्राऊन यांनी २००१ मध्ये दाखवलंय की रेनबोफिशना जाळ्यातून निसटायची भोकाची वाट शिकवली तर ती साधारण अकरा महिन्यांनी आठवते. तोही टाकीत पाळायचाच मासा.

५ ते ९ जानेवारी

खेळ उलटा केला. आता दाणा पांढऱ्याला. पहिल्या दिवशी ८ पैकी १. लाल टोपणाला धडका मारल्या, मग वळून पानाखाली गेला. भाची म्हणाली, हे फसवणं झालं. खरं आहे. पतसंस्थेत आम्ही व्याजदर बदलतो तेव्हा खातेदारही असेच बघतात.

पाचव्या दिवशी ८ पैकी ५.

१० जानेवारी, शुक्रवार

प्रदर्शन. मासा नेला नाही, तक्ते नेले. सगळ्यात जास्त गर्दी स्टुलाच्या तक्त्यापाशी झाली.

परीक्षकांपैकी एकांनी विचारलं, "थोडक्यात सांग, माशाला 'मी' कळतो की नाही?" भाची म्हणाली, "सर, आमच्या माशाला स्टूल कळतं, लाल रंग कळतो. 'मी' आम्ही नीट विचारलंच नाही." नंबर आला नाही. नंबर ज्वालामुखीला गेला, ज्यात खायचा सोडा आणि व्हिनेगर असतं आणि जो दर वर्षी असतो. येताना मिसळ खाल्ली.

तिला गप्प बघून एक गोष्ट सांगितली. रुई ऑलिव्हेरा आणि पीटर मॅकग्रेगर यांनी १९९८ मध्ये फाइटरवरच केलेलं काम आहे. दोन फाइटर काचेआडून एकमेकांना भिडले, तिसरा बाजूच्या टाकीतून बघत होता. नंतर त्या दोघांपैकी एक एक त्याच्यासमोर आणला. हरलेल्याला तो लगेच भिडला, जिंकलेल्यासमोर वेळ घेतला. ज्यांची कुस्ती त्यानं पाहिली नव्हती त्यांच्या बाबतीत असा फरक पडला नाही. "म्हणजे आखाड्याच्या कडेला बसून दुसऱ्याचे डाव बघतो," ती म्हणाली. तालमीतली पोरं तेच करतात. आपली ताकद किती आणि समोरच्याची किती, याचा काही हिशेब त्याच्यापाशी असणार. तो "मी" म्हणायचा की नाही, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

१४ जानेवारी, संक्रांत

संध्याकाळी तिळगूळ वाटून आले. घरात दिवे बंद, फक्त टाकीचा दिवा चालू. दारातूनच पाहिलं: पैलवान बाजूच्या काचेसमोर दाढी काढून उभा. आरसा नाही, कुणी नाही.

चप्पल न काढता तिथंच उभी राहिले. रात्रीच्या एसटीत आतला दिवा लागला की खिडकीतून बाहेरचं दिसायचं बंद होतं आणि आपलंच तोंड दिसतं. टाकीचं तेच. आत दिवा, बाहेर अंधार, चारही काचा आरसे. आणि मी रोज संध्याकाळी सातला टाकीचा दिवा लावून स्वयंपाकघरात जाते. ५ नोव्हेंबरपासून.

म्हणजे ९ नोव्हेंबरला "पहिली" म्हणून लिहिलेली बैठक पहिली नव्हतीच. २३, १९, ११, १२, ६ ही उतरण आमच्या आरशाची की काचेची, सांगता येत नाही. आणि १७ तारखेला मी मोठ्या मनानं आरसा बंद केला, तो बंद झालाच नव्हता.

भाचीला फोन केला. पलीकडं बराच वेळ शांतता. मग, "आत्या, तक्त्यावर चुकीचं लिहिलं आपण."

१८ जानेवारी, शनिवार

खोलीतला दिवा लावून ठेवला तर प्रश्न मिटेल असं वाटलं होतं. मिटत नाही. भाचीनं काचेला डोळा लावून तिरपं बघितलं: बाजूची काच चांदीसारखी चकचकीत. प्रकाश पाण्यातून हवेकडं जाताना साधारण ४९ अंशांपेक्षा जास्त तिरपा पडला तर बाहेर जातच नाही, सगळा आत परततो. मध्ये काच असली तरी हिशेब तोच राहतो. म्हणजे समोर बघताना माशाला आमचा हॉल दिसतो, तिरपं बघताना भर दुपारीही आरसा.

बाहेरून ब्राऊन पेपर लावून उपयोग नाही. कागद आणि काच यांच्यात हवेचा पापुद्रा राहतो, आरसा तसाच राहतो. यावर तोडगा दादानं दिला, तोही नकळत. दुकानवाले टाकीमागं चित्र लावताना काचेला तेल लावतात, "म्हणजे रंग उठून दिसतोय." का दिसतोय ते आज कळलं. तेलानं हवा निघून जाते.

२५ जानेवारी, २६ अंश

तीन बाजूंना खोबरेल तेल लावून काळं जाड प्लास्टिक चिकटवलं. बुडबुडे भाचीनं पट्टीनं काढले, दोन तास गेले, हॉलला न्हाव्याच्या दुकानाचा वास. पुढची काच उघडी, पण टाकीचा दिवा चालू असताना खोलीतला दिवाही चालू, हा नियम. १४ दिवस आरसा नाही. टोपणं चालू: आज पांढरं ८ पैकी ६.

८ फेब्रुवारी, २६ अंश

आरसा, ५ मिनिटं, साडेसात. २६ वेळा.

म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसापेक्षाही जास्त. भाचीनं टाळी मागितली, दिली नाही. जवळजवळ तीन महिने आमचा आरसा त्यानं पाहिला नव्हता, तेवढ्यानंही राग ताजा होऊ शकतो. कारणं दोन, आकडा एक.

आजच प्लास्टिक काढलं. तेल पुसायला लिंबू आणि रद्दी, साबण नाही. संध्याकाळी पुन्हा पूर्वीसारखं, टाकीत दिवा, हॉलमध्ये अंधार. १४ दिवस.

२२ फेब्रुवारी, २६ अंश

आरसा, ५ मिनिटं, साडेसात. ९ वेळा.

प्लास्टिक परत लावलं. पुढची मोजणी ८ मार्चला. भाचीची वार्षिक परीक्षा जवळ आली आहे, वहिनीला सांगितलंय की पाचच मिनिटं लागतात. सह्या: दोघींच्या.